बाहेरून पाठिंबा

मुंबईत मी आमदारांच्या कँटीनमध्ये चहा द्यायचो, तेव्हा मतदानाची घंटा व्हायची. लांबलचक, घशात अडकल्यासारखी. ती वाजली की मोठमोठे मंत्री अर्धा कप टाकून पळायचे आणि टेबलावर कप निवत राहायचे. त्या मंत्र्यांचा एकही किस्सा आज मला धड सांगता येत नाही. पण म्हातारपणी परदेशात मुलाकडे, टार्निटला आलो, आणि इथल्या आमच्या ज्येष्ठ मंडळात जे मंत्रिमंडळ पाहिलं, त्याचे किस्से मात्र सिंकमधल्या भांड्यांसारखे साचले. एक काढायला जावं तर खालची चार खडखडतात.

मंडळ दर गुरुवारी दुपारी कम्युनिटी सेंटरच्या एका खोलीत भरतं. वर्षानुवर्षं एकच अध्यक्ष होते. ते गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेले ते परतलेच नाहीत. मग पुणेकर, मुंबईकर आणि विदर्भवाले असे तीन गट पडले आणि बहुमत कोणालाच मिळेना. बँकेतून रिटायर झालेले बर्वे उभे राहून म्हणाले, "अध्यक्षीय राजवट संपली. आता संसदीय पद्धत. युतीचं सरकार!"

आमच्या त्या खोलीएवढ्या देशाची संसदीय राजवट हिवाळ्यात सुरू झाली आणि उन्हाळा सरायच्या आत आटोपली.

*

बर्वे पंतप्रधान झाले. खोलीची किल्ली मुंबईच्या निर्मलाताईंकडे असायची, म्हणून गृहखातं त्यांना. अमरावतीचे शिरभाते अन्नमंत्री.

शपथ देताना बर्व्यांनी विचारलं, "ईश्वरसाक्ष घेता, की गांभीर्यपूर्वक?"

शिरभाते घड्याळाकडे बघत म्हणाले, "जे लवकर संपते ते द्या ना बाप्पा. माझी गोळीची वेळ झाली!"

*

मला सगळे मामा म्हणतात. शिक्षण बेताचं, बोलणं त्याहून बेताचं. माझं काय करायचं यावर बराच खल झाला. शेवटी बर्वे म्हणाले, "मामा बिनखात्याचे मंत्री."

जेवताना मुलाला म्हटलं, "अरे, मला काही खातं मिळालं नाही."

फोनमधून मान वर न काढता तो म्हणाला, "बाबा, तुमचं खातं तर आल्या आल्या उघडलंय. पासवर्ड विसरलात का?"

नात हसली. मीही हसलो. त्या दिवशी घरात माझ्याशी झालेलं बोलणं तेवढंच.

*

युती म्हटली की किमान समान कार्यक्रम हवा. आमचा कार्यक्रम म्हणजे खाणं. शिरभात्यांनी एकेकाला विचारायला घेतलं. एकाला मीठ बंद, दुसऱ्याला साखर, तिसऱ्याला तळलेलं. निर्मलाताईंची कवळी अजून बसत नव्हती.

"केळं!" शिरभाते ओरडले. "केळं तर सगळ्यायले चालते!"

मागून कोणीतरी म्हणालं, "मला किडनीवाल्या डॉक्टरनी केळं बंद केलंय."

त्या दिवशी किमान समान कार्यक्रम ठरला. गरम पाणी.

*

वाहतूकमंत्री साठे गेले. मोठी गाडी त्यांचीच, चौघांना तेच आणायचे. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं ठरलं, पण गुडघ्यांमुळे बहुतेकांनी बसूनच उभं राहायचं कबूल केलं. दोन मिनिटं झाली. शिरभात्यांचे डोळे मिटलेलेच. हलवलं तर दचकून म्हणाले, "कोन गेलं?"

मग बर्व्यांनी विचारलं, "साठ्यांचं खातं आता कोण घेतं?"

पुढच्या गुरुवारपासून साठ्यांची आणि त्या चौघांची, अशा पाच खुर्च्या मांडायचं आम्ही बंद केलं.

*

आता घाग.

दिनकर घाग डोंबिवलीचे. त्यांच्या पत्नीला, सुमनवहिनींना विस्मरणाचा आजार. खोलीत आल्या की कोणाचाही कप उचलून प्यायच्या आणि मधूनच मोठ्यानं ओरडायच्या, "घरी चला! दिवे लागले!" घरी एकटं ठेवायची सोय नाही. मुलगा लांब, कालगुर्लीला खाणीत इंजिनिअर. तो फोनवर सांगायचा, "पपा, आईला म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवा."

दोन-तीनदा गोंधळ झाला, तेव्हा घाग स्वतःच म्हणाले, "बर्वे, मी बाहेरून पाठिंबा देतो."

आणि खरंच द्यायला लागले! खिडकीला लागून गाडी उभी करायचे, काच खाली. शेजारी वहिनी. आत मतदान झालं की गाडीतून हात वर. आम्ही हसायचो. मी चहा नेऊन दिला की म्हणायचे, "मामा, चार माणसांचा आवाज कानावर पडतो ना, त्यावर माझा आठवडा निघतो."

शेजारच्या मैदानावर फुटीचे, म्हणजे इथल्या फुटबॉलचे, सरावाचे सामने चालायचे. एकदा एका गोऱ्यानं गाडीत डोकावून विचारलं, "यू राइट, मेट?"

घाग म्हणाले, "आय ॲम सपोर्टिंग फ्रॉम आउटसाइड."

"गुड ऑन यू! हू इज विनिंग?"

घागांनी आमच्या खिडकीकडे पाहिलं. म्हणाले, "नोबडी."

*

मग उन्हाळा पेटला. गाडीची सीट हाताला चटका देऊ लागली. एका गुरुवारी घाग वहिनींचा हात धरून आत आले आणि दारापाशी उभे राहिले. वहिनींचा चेहरा लालबुंद झाला होता.

"बर्वे," ते म्हणाले, "बाहेर बसवत नाही हो. आम्हाला आत घ्या. नाहीतर मुलाचं ऐकावं लागेल मला."

बर्व्यांनी निर्मलाताईंकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, "मला वाईट नका म्हणू. माझ्या सासूबाई अशाच गेल्या. सगळं मीच केलं. आता पुन्हा नाही बघवत मला. हा एक गुरुवार आहे हो माझा." त्यांचे डोळे भरले होते. त्यांच्या गटातले सगळे त्यांच्याजवळ सरकून बसले.

"मग मतदान," बर्वे म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता.

मी दोघांना खुर्च्या दिल्या. वहिनींना पाणी दिलं. त्या दिवशी त्या ओरडल्या नाहीत. फुलपात्र दोन्ही हातांत धरून सगळ्यांकडे बघत होत्या.

"घाग पतिपत्नींना आत घ्यावं, बाजूने कोण?"

शिरभात्यांनी हात वर केला. मी केला. आणखी काही वर आले. घागांनीही केला, अगदी कानाला लागून, सरळ.

"विरोधात?"

निर्मलाताईंनी मान खाली घालून हात वर केला. त्यांच्या बाजूच्यांनी केले. एकेक करत हात वर येताना वहिनी बघत होत्या. त्यांचा चेहरा उजळला. फुलपात्र मांडीवर ठेवून त्यांनीही हात वर केला, हसत, बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.

बर्वे मोजता मोजता थांबले.

घागांनी तो हात हळूच धरला आणि खाली घेतला. मांडीवरचं फुलपात्र उचलून मला दिलं. खाली वाकून वहिनींचा पाय सुटलेल्या चपलेत बसवला, आणि त्यांना उठवून दाराबाहेर, उन्हात घेऊन गेले.