लेकीची काठी

आमच्या क्लासमध्ये कराटेनंतर शेवटचा तास ओकिनावाच्या जुन्या शस्त्रांचा असतो. मुलीनं 'बो' घेतली, म्हणजे डोक्यापेक्षा उंच लाकडी काठी. मी 'साई' घेतल्या. त्या लोखंडी, तीन टोकांच्या, दोन हातांत दोन. शेजारणीला नाव सांगितलं तेव्हा तिला वाटलं मी शिर्डीला निघालेय.

परीक्षेसाठी सरांनी आम्हा मायलेकींची जोडी लावली. ती डोक्यावर काठी मारणार, मी दोन्ही साई फुलीसारख्या धरून ती अडवणार. सर सिन्नरला कारखान्यात नोकरी करतात, रविवारी सकाळच्या एसटीनं सिडकोतल्या आमच्या हॉलवर येतात. मोजकंच बोलतात.

"मॅडम, मागे सरकू नका. काठीचा जोर टोकाला असतो. आत शिरा."

मला कळत होतं, पण पाय मागेच जायचे. एकदा तसंच झालं आणि टोक मनगटावर बसलं. बांगडीएवढी सूज आली. घरी मुलीनं भांडी घासली, माझ्याऐवजी कणीक मळली आणि न जेवता झोपली.

त्यानंतर तिची काठी निम्म्यात मंदावू लागली. सरांच्या लक्षात आलंच.

"हळू मारून तू आईचं नुकसान करतेयस. सवय लागेल त्यांना."

"मग मला दुसरी जोडी द्या," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "मी आईला मारणार नाही."

माझे कान तापले. सरांनी शांतपणे माझ्यासमोर एक धिप्पाड गृहस्थ उभे केले. त्यांचं सातपूरला गॅरेज आहे. त्यांची काठी सणसणत खाली आली आणि मी चक्क आत शिरले. पुन्हा मारली, पुन्हा अडवली. मुलगी कोपऱ्यातून बघत होती. तिच्यासमोरच माझे पाय का मागे जात होते, हे मला तेव्हा उमगलं. मला लागलं तर ते तिला सोसणार नाही, याचीच मला धास्ती होती.

परीक्षेच्या सकाळी गॅरेजवाल्यांचा फोन आला, ताप आहे. बाहेरगावचे परीक्षक टेबलाशी येऊन बसले होते. सर म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी बसा."

तेवढ्यात मुलगी काठी घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"हात आखडू नकोस," मी हळूच म्हणाले.

"तू मागे जाऊ नकोस."

पहिला वार पूर्ण आला. लोखंडावर लाकूड आपटलं, कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या, पण काठी अडली. दुसराही अडला. तिसऱ्याला साईची पकड सुटली आणि काठी घसरून खांद्यावर बसली. डोळ्यांसमोर अंधारी आली. तिची काठी थांबली.

"चालू ठेव," मी म्हणाले.

तिनं काठी पुन्हा उचलली आणि पुढचा वार केला. तोही तितक्याच जोराचा होता. मी आत शिरले आणि अडवला.

ती पास झाली. माझी पकड कच्ची, पुन्हा बसावं लागेल, असं परीक्षक म्हणाले. वाईट वाटलं. वयाच्या मानानं बरं केलं, असं कुणीतरी म्हणालं तेव्हा जास्तच.

परतताना तिनं स्कूटर मेडिकलसमोर थांबवली, आत जाऊन मलम आणलं.

"दुखतंय?"

"दुखतंय."

मी 'नाही' म्हणेन असं तिला वाटलं असावं. तिनं मलम माझ्या हातात ठेवलं.

"पुढच्या वेळीसुद्धा काठी मीच धरणार," ती म्हणाली. "त्या काकांना सांगून ठेव."