सासूबाईंचा बोलता टीव्ही

माझ्या सासूबाईंना समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला आणि कडेचं तेवढं राहिलं, असं डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं. पण त्या स्वतः ते जास्त नीट सांगतात. "तुझं तोंड दिसत नाही, पण कानातले दिसतात. नवीन आहेत का गं?"

देवळाली कॅम्पच्या बाजारात माझ्या सासऱ्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. जवानांच्या वर्द्या अंगाबरोबर करून देणं, दंडावर फिती लावणं, छातीवर नावाच्या पट्ट्या शिवणं, असं काम. सासरे अचानक गेले तेव्हा माझे यजमान शाळेत शिकत होते. चौदाव्या दिवशी सासूबाईंनी दुकानाचं कुलूप उघडलं आणि पुढे डोळ्यांनी साथ दिली तोवर ते चालवलं. सुईत दोरा ओवता येईनासा झाला, तेव्हा मशीन झाकून त्या आमच्याकडे इंदिरानगरला राहायला आल्या.

इथे आल्यावर त्यांनी टीव्ही सोडला. केबलच्या रिमोटवरचे आकडे दिसायचे नाहीत आणि दर वेळी कुणाला तरी हाक मारायची त्यांना लाज वाटायची. दुपारी मी शाळेतून परत आले की त्या टीव्हीसमोरच्याच खुर्चीत बसलेल्या असायच्या आणि टीव्ही बंद असायचा. मी विचारलं की म्हणायच्या, "काही नाही गं, पंखा इथे चांगला लागतो."

यजमानांच्या मनाला ते लागलं असावं. त्यांनी एक यंत्र मागवलं. बोटभर लांबीचं, काळं. ते टीव्हीच्या मागे खोचायचं, घरातल्या वायफायला जोडायचं आणि रिमोटवरचं एक बटण दाबून हवं ते तोंडाने मागायचं. खोकं घरी आलं आणि हे कामासाठी आठवडाभर नागपूरला गेले. जाताना म्हणाले, "पाच मिनिटांचं काम आहे, तू करशील."

रविवारी सकाळी मी ते करायला घेतलं. आमचा टीव्ही भिंतीला इतका चिकटवलेला आहे की मागे जेमतेम हात जातो. चाचपडत यंत्र खोचलं, वायर लावली. पडद्यावर चिन्ह उमटलं आणि मी खूश होते न होते तोच अंधार झाला. पुन्हा चिन्ह, पुन्हा अंधार. मी यंत्र काढून दुसऱ्या खाचेत लावलं, तेच. टीव्ही बंद करून परत लावला, तेच. मोबाइलवर उपाय शोधत बसले, तर एक म्हणे असं करा, दुसरा म्हणे तसं अजिबात करू नका.

सासूबाई खुर्चीतून ऐकत होत्या. "नुसती चिडू नकोस. काय होतंय ते सांग."

"चालू होतंय आणि बंद पडतंय, आई."

"दर वेळी तेवढ्याच वेळाने?"

मी ते पाहिलंच नव्हतं. त्यांनी मला परत लावायला सांगितलं आणि मनात अंक मोजले. मी "गेलं" म्हटल्यावर म्हणाल्या, "पंधरा." पुढच्या खेपेलाही पंधराच झाले.

"याला वीज कुठून दिलीस?"

"टीव्हीच्याच मागे जागा आहे ना, तिथून."

"मग ती पुरत नसेल. माझ्या मशीनला मोटर बसवली, तेव्हा तुझ्या सासऱ्यांनी दिव्याच्या वायरीवरूनच जोडणी घेतली होती. सुरू व्हायची, आणि जाड कापड आलं की घुं करून थांबायची. आम्हाला वाटलं मोटर खराब निघाली. भिंतीतून वेगळी वायर काढली आणि मग ती मोटर दुकान बंद होईपर्यंत चालली. खोक्यात वेगळा प्लग दिला असेल बघ."

प्लग दिला होता. मोबाइलच्या चार्जरसारखा दिसला म्हणून मीच तो खणात टाकला होता. काढून भिंतीतल्या सॉकेटला लावला. चिन्ह आलं, पंधरा अंक झाले, वीस झाले, आणि यंत्र शहाण्यासारखं पुढे गेलं. मी गंगापूर रोडवरच्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवते. विद्युतधारेचा धडा मी इतक्या वर्षांत किती वेळा शिकवला असेल! सासूबाईंना हे पक्कं माहीत होतं, तरी त्यांनी टोमणा मारला नाही. उलट म्हणाल्या, "चहा टाक आता. दमलीस."

पुढचं त्याच संध्याकाळी घडलं. रिमोट सोफ्याच्या फटीत गेला होता. तो ओढून काढताना माझ्या बोटांखाली दोन बटणं एकदम दाबली गेली आणि टीव्हीतून एक बाई इंग्रजीत बोलायला लागली. बटण दाबून मी पडद्यावर उजवीकडे सरकले की बोलायची, खाली आले की बोलायची. पडद्यावर जे जे लिहिलेलं होतं ते ती वाचत सुटली. तिला गप्प कसं करायचं ते मला कळेना. सगळी बटणं दाबून पाहिली.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "ती काय म्हणतेय?"

"काहीतरी बिघडलंय आई, मी बंद करते."

"बिघडलेलं नाही ते. तू सरकतेस आणि ती तुला कुठे आलीस ते सांगते. परत एकदा सरक बघू."

मी सरकले. बाई बोलली. सासूबाई खुर्चीतून पुढे झुकल्या होत्या. "हे माझ्यासारखीसाठीच केलेलं आहे गं," त्या हळूच म्हणाल्या.

मी मोबाइलवर पाहिलं. खरंच तसं होतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ही सोय मुद्दाम दिलेली असते. आम्ही नवरा-बायकोने यंत्राबद्दल इतकं वाचलं, चित्र किती स्पष्ट, आवाज कसा, काय काय दिसतं. हे मात्र वाचलंच नव्हतं. जे मी अर्धा तास गप्प करायला धडपडत होते, ते त्यांनी दोन वाक्यांत ओळखलं.

आमच्या यंत्रात त्या बाईला मराठी येत नव्हती, हिंदी येत होती. तेवढं पुरे झालं. आयुष्यभर देशभरातल्या जवानांची मापं घेतलेल्या बाईला हिंदीचं काय? दुसऱ्या दिवशी त्यांनी रिमोट मागून घेतला, सगळीकडून चाचपला आणि शिवणाच्या डब्यातला मोहरीएवढा मणी मला एका बटणावर चिकटवायला लावला. ते बटण दाबलं की कुठूनही पहिल्या पानावर परत येता येतं. "रस्ता चुकला तरी घर सापडलं पाहिजे," एवढंच म्हणाल्या.

मग रोज दुपारी जेवण झाल्यावर एक तास त्यांनी शिकायला ठेवला. दुकानात नवीन काज करायला शिकताना जशा बसत असतील, तशाच बसायच्या, पाठ ताठ. चुकायच्या, मणी शोधून पहिल्या पानावर यायच्या आणि परत निघायच्या. एकदा मधल्या सुट्टीत त्यांचा शाळेत फोन आला. "ती बाई आता तमिळ बोलतेय. नाहीतर तेलुगू असेल. तू येऊ नकोस, मी आणते तिला परत." मी घरी पोचले तेव्हा ती बाई परत हिंदीवर आली होती आणि सासूबाई कीर्तन ऐकत होत्या.

"कसं केलंत?"

"जाताना मोजत गेले होते. खाली सात, उजवीकडे एक, परत खाली तीन. तशीच मोजत आले."

एवढ्यावर हे थांबलं असतं, पण एके दिवशी त्यांच्या मैत्रिणीचा फोन आला. ही मैत्रीण देवळाली कॅम्पलाच राहते. मूळची सटाण्याकडची. नवरा सुभेदार म्हणून निवृत्त झाला आणि गेल्या वर्षी वारला. मुलगाही सैन्यात, दूर कुठेतरी सीमेवर. त्याने आईची करमणूक व्हावी म्हणून असंच यंत्र पाठवलं होतं. सुट्टीवर आलेल्या भाच्याने ते लावलं, ते चाललं नाही आणि तो निघून गेला. तेव्हापासून टीव्ही तसाच पडून होता.

"मी येते," सासूबाईंनी फोनवर सांगून टाकलं. फोन ठेवून मला म्हणाल्या, "तू सोबत चल. पण हात लावायचा नाहीस."

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही बसने गेलो. मैत्रीण दारातच उभी होती. कॅम्पात उभं आयुष्य काढूनही सासूबाई दिसल्या की ती आपल्या अहिराणीवर येते. "ये बहीन, ये! हाई डबडं माले काही समजत नही. हात लावाले भेव वाटस."

"पडद्यावर काय आहे?"

"निळा शे. इंग्रजीमा काहीतरी लिखेल शे."

सासूबाई टीव्हीजवळ गेल्या, मागे हात घातला आणि बोटांनी खाचा मोजल्या. "तीन आहेत. यंत्र दुसरीत आहे आणि तुझा टीव्ही पहिलीकडे बघतोय. टीव्हीचा रिमोट घे. वरच्या बाजूला चौकोनात शिरणारा बाण आहे का? तो दाब. आता एक, दोन, तीन असं दिसतं का?"

"दिसस!"

"दोनवर ये."

चिन्ह आलं. मैत्रिणीने टाळी वाजवली. पण यंत्राचा रिमोट काही केल्या चालेना. मला उठून बघायची फार इच्छा झाली. सासूबाईंनी तो हातात घेतला, मागचं झाकण सरकवलं आणि आत अंगठा फिरवला. सेलची चपटी बाजू स्प्रिंगला लागते. एक सेल उलटा होता. त्यांनी तो फिरवला, झाकण लावलं आणि रिमोट मैत्रिणीच्या हातात दिला. "आता दाब."

वायफायचा पासवर्ड भाच्याने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला होता. मैत्रीण एकेक अक्षर वाचायची, ते पडद्यावर शोधायची, आणि सासूबाई शेजारी बसून "पुढचं" म्हणायच्या. शेवटी यंत्राने तो नाकारला. मैत्रिणीचा चेहरा उतरला.

"पहिलं अक्षर कॅलेंडरवर मोठं लिहिलंय का छोटं?"

मैत्रिणीने चष्मा नाकावर ढकलून पाहिलं. "मोठं."

"आणि तू?"

"धाकलं लिखं मी."

पुन्हा सगळी अक्षरं. या वेळी ते जोडलं गेलं. मी मागे खुर्चीवर हात मांडीत घेऊन बसले होते. एकीला दिसत होतं पण धीर नव्हता, दुसरीला धीर होता पण पडदा दिसत नव्हता, आणि दोघी मिळून ते काम करत होत्या. वर्गात मला चाळीस मुलांना शिकवायचं असतं, आणि एखाद्याला जमत नसलं की माझा हात आपोआप त्याच्या वहीकडे जातो. सासूबाईंनी त्या दुपारी मैत्रिणीच्या हातातून रिमोट एकदाच घेतला, तोही सेल फिरवण्यापुरता.

"आता ते बोलायचं बटण दाबून धर आणि तुला काय बघायचंय ते सांग."

मैत्रीण एकदम लाजली. माझ्याकडे पाहिलं, मग पुटपुटली, "अहिराणी गाना."

यंत्राने भलतंच ऐकलं. पडद्यावर कुठल्या तरी राणीच्या गोष्टी आल्या.

"अगं, सुभेदारीण ना तू? मग हुकूम दिल्यासारखं बोल!"

मैत्रीण हसली, पदर खोचला आणि अशा खणखणीत आवाजात बोलली की शेजारच्या घरातला कुत्रा भुंकला. या वेळी पडद्यावर ओळीने लग्नातली गाणी आली. तिने त्यातलं एक लावलं. संबळ वाजला, बायका गायला लागल्या. पहिल्या दोन ओळी ती नुसती ऐकत राहिली. मग पदर तोंडाला लावला.

"काय दिसतंय गं?" सासूबाईंनी थोड्या वेळाने विचारलं.

मैत्रीण खुर्ची ओढून त्यांच्याजवळ सरकली. "मांडव शे," ती सांगू लागली. "नवरीनी हिरवं लुगडं नेसेल शे. एक म्हातारी नाची राहिनी, बहीन, अशी नाची राहिनी..."

सासूबाई मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने पडद्याकडे बघत हसत होत्या. चहा करायला मीच उठले.