आमचे डॉक्टर मला तपासत नाहीत

तमाम एकोडीकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या ह्यांनी स्वतः डॉक्टर असूनही मला आजवर खोकल्याची साधी गोळीसुद्धा दिलेली नाही.

आज धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला नेहमीप्रमाणे दुसऱ्याच डॉक्टरकडे गेले. तिथे स्पिरिटचा वास आला आणि सत्तरच्या दशकातली ती दुपार समोर उभी राहिली.

नुकतंच आमचं साक्षगंध झालं होतं आणि माझ्या पोटात जीवघेणी कळ उठली. बाबांनी मला छकड्यात घालून गावातल्या एकुलत्या डॉक्टरकडे, म्हणजे होणाऱ्या जावयाकडेच, मोठ्या ऐटीत नेलं. ह्यांनी स्टेथोस्कोप कानाला लावला, माझ्याकडे पाहिलं आणि तो काढून टेबलावर ठेवला.

“मी नाही तपासत. साकोलीच्या डॉक्टरकडे चला.”

बाबांचा चेहरा उतरला. “काहून? पोरगी नापसंत झाली का?”

पोटातली कळ विसरून मी कान टवकारले.

“तसं नाही, मामाजी. दुसऱ्या कोणाचं पोट असतं तर आत्ताच सांगून दिलं असतं. इथं मले चुकायची भीती वाटून राहिली.”

ती कळ असूनही मला काय गोड वाटलं, सांगू!

साकोलीपर्यंत हे छकड्यामागे सायकल मारत आले. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझं पोट दाबून पाहिलं आणि ते हसत म्हणाले, “जंत आहेत. ऑपरेशन वगैरे काही नाही.” बाबांनी देवाला हात जोडले. हे मात्र भिंतीला टेकून घामाने निथळत होते. ते पाहून ह्यांच्याकडे बोट दाखवत मी बाबांसमोरच बोलून गेले,

“साहेब, माह्यं झालं, आता यायले तपासा.”