बाईंच्या मनगटावरचं एक मिनिट

आमच्या नर्सिंगच्या शाळेत नाडी मोजायला शिकायचं ते बाईंच्या मनगटावर. सरावाच्या खोलीत सहा लोखंडी खाटा आणि एक हात निखळलेली रबरी बाहुली होती. पण बाहुलीला नाडी कुठली? बाई स्टुलावर बसायच्या, बाही वर सारायच्या आणि म्हणायच्या, "या एकेक जण. पूर्ण एक मिनिट."

बाईंच्या हृदयाचा ठोका मध्येच चुकायचा. मिनिटात कधी दोनदा, कधी एकदाच. नव्या मुलींना हे सांगायचं नाही, असा शाळेत अलिखित नियम होता. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणारी हमखास पकडली जायची. मीही पकडले गेले. "बहात्तर," मी ऐटीत सांगितलं. "कुणाची? बाहुलीची?" बाई म्हणाल्या. वर्ग हसला. मी पुन्हा बोटं टेकवली, आणि एकेचाळिसाव्या सेकंदाला ठोका आलाच नाही. मी दचकून वर पाहिलं.

"सापडला?" बाईंनी असं विचारलं, जणू त्यांची हरवलेली किल्लीच मी आणून दिली होती.

डॉक्टर इलाज करून घ्या म्हणायचे. बाई म्हणायच्या, "निवृत्त झाल्यावर बघू. आत्ता दुरुस्त झाले, तर मुली शिकतील कशावर?"

आता माझी लेक त्याच शाळेत आहे. शिकवणाऱ्यांच्या सात जागांपैकी पाच रिकाम्या. बाईंच्या जागेवर तर त्यांच्यानंतर कुणी आलंच नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुली पहिल्या वर्षाला मोबाइलवर व्हिडिओ दाखवतात, तोच तास. उद्यापासून लेकीची ड्यूटी हृदयरोगाच्या वॉर्डात. परवा तिची सरावाची वही उघडली, तर पानभर बहात्तर, चौऱ्याहत्तर, बहात्तर.

"हे मोजलंस?"

"सगळ्याच असं लिहितात, आई. बघतंय कोण?"

मी शिकवायला बसले की ती म्हणते, तुझ्या वेळचं राहू दे. पिकतं तिथे विकत नाही. म्हणून आज तिला बाईंकडे नेलं. वाटेत न राहवून नियम मोडला. "त्यांचा ठोका चुकतो हं. नीट लक्ष दे."

बाई आता ऐंशीच्या घरात. "धांदरट, तूच ना गं?" म्हणत त्यांनी दार उघडलं. आमचं येण्याचं कारण ऐकलं आणि बाही वर सारली.

मिनिट संपलं. लेक गोंधळली, तिने माझ्याकडे पाहिलं. पण मनगट न सोडता तिने आणखी एक मिनिट मोजलं.

"सत्तर," ती हळूच म्हणाली. "एकसारखे. कुठेच चुकला नाही."

"अगं, नीट बघ ना..."

"तू गप्प बस," बाई मला म्हणाल्या. गळ्याजवळच्या हाडाखाली कातडीआड बसवलेली चपटी डबी त्यांनी दाखवली. "गेल्या वर्षी यंत्र बसवलं. आता चुकायची सोय नाही." मग लेकीला म्हणाल्या, "आईने पढवून आणलं होतं ना? तरी बोटाला लागलं तेच सांगितलंस. जा उद्या वॉर्डात."

बाही खाली ओढत म्हणाल्या, "मी मात्र शिकवायच्या कामाची राहिले नाही. शेजारच्या आजोबांचा अजून चुकतो. रविवारी मैत्रिणींना घेऊन ये. हात धरायला कुणी आलं तर खूश होतील बिचारे."

निघताना मी विचारलं, "बाई, मी मोजू?"

त्यांनी हात पुढे केला. तेच मनगट, फक्त हाडं वर आलेली. एकेचाळिसाव्या सेकंदाला मी नकळत वाट पाहिली. ठोका आला. मी हात सोडला.

"अजून एकोणीस सेकंद आहेत, आई," लेक घड्याळावरची नजर न काढता म्हणाली.