काशीदादाने मारलेली आडवी रेघ

काशीदादा गेला त्याला आज वर्ष झालं. आमचं शेवटचं बोलणं म्हणजे भांडण होतं, आणि त्यात मी जिंकले होते.

तुमच्यातल्या बहुतेकांना काशीदादा माहीत नाही. खालापूरजवळच्या गावातला. रसायनीतल्या एका केमिकल कंपनीत टाक्यांवर ऑपरेटर. शिक्षण आयटीआय. आणि सुट्टीच्या दिवशी हा माणूस ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधल्या, म्हणजे तिच्या गाभ्यातल्या, चुका शोधायचा!

पगार नाही, पद नाही. आवड.

आमची ओळख कर्नलच्या मेलिंग लिस्टवरची. तिथे जगभरचे लोक कोडवर हुज्जत घालत असतात. त्यातल्या एकाचं मोडकंतोडकं इंग्रजी मला फार ओळखीचं वाटलं. विचारलं, कुठले तुम्ही? म्हणाला खालापूर.

मी कर्जतला. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

मग दर रविवारी चौक गावाच्या फाट्यावर भेटायला लागलो. त्याला आणि मला दोघांना जवळ. टपरीवर चहा, बाकावर कोडचे प्रिंटआउट, दादाच्या कानामागे पेन्सिल. टपरीवाल्याला वाटायचं आम्ही एलआयसी विकतो.

काम काय, तर फाइल एनक्रिप्शनचं कोड. त्यात फाइलचं नावसुद्धा कुलूपबंद करून डिस्कवर ठेवतात. वाचताना डिस्क सांगते, नाव एवढं लांब आहे. कोड तेवढं नाव उचलून बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या मोजून घेतलेल्या जागेत टाकतं.

डिस्क खोटं बोलली, तर ते शेजारच्या मेमरीत सांडतं. कर्नलमध्ये सांडलं की मशीन बसतं. कोणी मुद्दाम सांडवलं तर मशीन त्याच्या ताब्यात.

मला हे कॉलेजात चार लेक्चरं लावून शिकवलं होतं. दादाने एका वाक्यात सांगितलं.

"टँकरवाला चलन दाखवतो, एवढा माल हाय म्हणून. चलनावर इस्वास ठेवून वॉल उघडतो का कोण? आदी टाकी मोजायची गं."

त्याचा एक नियम होता. ज्याने कोड लिहिलं त्याने ते तपासायचं नाही. दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं, प्रत्येक ओळीला विचारायचं, किती येणार, किती मावणार.

"आपल्या हाताचं आपल्याला दिसत नाय, सोनल."

मग एका रविवारी मी गेले नाही. ऑफिसचं काम होतं, कंटाळाही होता. खरं सांगायचं तर तोवर माझं थोडं नाव झालं होतं आणि डोक्यात हवा गेली होती.

दादाचा फोन आला.

"ती नावाची लांबी तपासतो ना आपण, तो चेक एका रस्त्याला लागत नाय असं वाटतं. सिमलिंकच्या."

सिमलिंक म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी छोटी फाइल.

"दादा, तो चेक मी लिहिलाय."

"म्हणून तर तुला इचारतो."

"वरती लावलाय मी. सगळं तिथूनच येतं. तुला ना, उगाच भुतं दिसतात."

मग म्हणाला, "तू बोलतेस तर असंल. नाय पाठवत मेल."

मी कोड उघडूनही पाहिलं नाही. पुढच्या रविवारच्या आत तो गेला. झटका आला, कामावरच.

वर्षभर मी ते कोड उघडलं नाही. इथे कोणाशी बोलायचं? शेजारी प्रिंटर बिघडला की मला हाक मारतात. आई विचारते, गप्प का? मी म्हणते, काम आहे. रविवार फार मोठा असतो हे मला या वर्षात कळलं.

दोन आठवड्यांपूर्वी वहिनीचा फोन आला. वर्षश्राद्धासाठी घर आवरत होती.

"त्यांचे कागद हायत गं. रद्दीत घालाया मन होत नाय. तू ने."

पिशवी भरून प्रिंटआउट. मी लिहिलेल्या त्या चेकचं पान वरच होतं. समासात पेन्सिलने लिहिलेलं: सिमलिंक, इथून चेक लागत नाय.

त्यावर आडवी रेघ मारलेली. खाली: सोनल बोलते, लागतो.

मी तिथेच वहिनीच्या ओटीवर बसले आणि रडले.

घरी येऊन खोट्या लांबीचा सिमलिंक बनवला, उघडला. मशीन जागच्या जागी बसलं.

दुरुस्ती चार ओळींची. शोधणारा म्हणून दादाचं नाव घालून पाठवली. त्या कोडचा प्रमुख परदेशात असतो. त्याचं उत्तर आलं: छान पकडलंय. ज्यांनी शोधलं त्यांनाच एकदा चालवून बघायला सांगा, टेस्ट करणारे म्हणूनही त्यांचं नाव घालतो.

दोन दिवस मला उत्तर देता आलं नाही. 'ते उपलब्ध नाहीत' एवढं लिहून सुटता आलं असतं. लिस्ट सगळं जग वाचतं, माझं ऑफिससुद्धा.

शेवटी लिहिलं. ते वारले. ही चूक त्यांनी मला तेव्हाच दाखवली होती. चेक माझा होता म्हणून मी ऐकलं नाही, आणि त्यांना गप्प केलं.

काल दुरुस्ती कर्नलमध्ये गेली, दादाच्या नावासकट. आज सकाळी वहिनीला फोन करून सांगितलं. तिला कोडमधलं काही कळत नाही. तिने एवढंच विचारलं,

"म्हंजे त्यांचं बरोबर होतं?"

"हो वहिनी."

"त्या दिवशी जेवताना मला बोलले, सोनलला बरं कळतं, माझंच चुकलं असंल."

आणि तिने फोन ठेवला.

काशीदादा, तुला नमस्कार करते. तुझं बरोबर होतं हे आता सगळ्यांना ठाऊक आहे.

फक्त तुला कोणी सांगितलं नाही.