साडूंचे घड्याळ आणि तांबूस घोडी

घोड्याकडे ढुंकूनही न पाहता घोड्यांचे भवितव्य ठरवणारा माणूस या भूतलावर एकच झाला असेल, आणि तो थोरला साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. अंबरनाथ पश्चिमेला राहणारे हे आमचे भाऊ एका कारखान्यात विजेच्या उपकरणांची देखभाल करीत. हिवाळ्यातल्या रविवारी मात्र अडथळ्यांवरून उड्या घेणाऱ्या घोड्यांची वेळ मोजणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र चालवण्यासाठी त्यांना मुंबईहून बोलावणे येई. आरंभाच्या आणि अखेरच्या रेषेवर खांबांची एकेक जोडी, त्यांमधून जाणारा अदृश्य किरण. घोड्याने पहिला किरण तोडला की घड्याळ सुरू, दुसरा तोडला की बंद. ते किरण भाऊ सोवळ्यातल्या देवासारखे जपत. एकदा प्रमुख पाहुणे हार घेऊन रेषेकडे निघाले, तेव्हा भाऊंनी "साहेब, किरण!" अशी आरोळी ठोकली, की ते सद्गृहस्थ एक पाय हवेत धरून बगळ्यासारखे उभे राहिले. घरीही तोच कारभार. उल्हासनगरात एखादी वरात आडवी आली, की "या नवरदेवाला यंत्रावर घेतला पाहिजे," म्हणून ते चडफडत. मेहुणीबाई म्हणत, "घोड्यांची वेळ सांगता, स्वतः घरी कधी येणार ते सांगा की!"

"घोडा बघायचा नसतो हो, पाहुणे," भाऊ मला बजावत. "बघितला की बटण चुकतं." घोड्याचा मार्ग अखेरची रेषा मध्येच एकदा ओलांडत असे, म्हणून तिथला किरण आधी बंद ठेवून शेवटच्या अडथळ्याच्या वेळी बटण दाबून जागा करावा लागे.

एक वयस्क, तांबूस घोडी होती. भाऊ तिच्याकडेही पाहत नसत. पण त्यांच्या खिशात गाजर कोणासाठी असते, हे मी भिडेपोटी कधी विचारले नाही. एका हिवाळ्यात मालकाने सांगून टाकले, "आज जिंकली तर ठेवतो, नाहीतर विकतो." घोडी धावली. अडथळ्यांची एकही दांडी पडली नाही. शेवटच्या अडथळ्यावरून ती उसळली आणि मी शेजारी पाहिले, तो भाऊ मान वर करून, लहान मुलासारखे तोंड उघडे ठेवून तिच्याकडे पाहत होते. बोट बटणावर होते. बटण दाबलेले नव्हते. घोडी रेषा ओलांडून गेली आणि घड्याळ धावतच राहिले.

"चूक माझी," भाऊ स्वतः पंचांकडे जाऊन म्हणाले. पंचांच्या हातातल्या घड्याळावर निकाल लागला आणि घोडी केसभराने दुसरी आली. यंत्राने काय सांगितले असते, ते आता कोणालाच कळणार नाही. मालकाने आपला शब्द पाळला.

पुढे एकदा आम्ही रिक्षाने एका लग्नाला निघालो असता उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये वरात आडवी आली. बँडच्या गदारोळात, आरशांची झूल पांघरून, नवरदेवाला पाठीवर घेऊन तीच तांबूस घोडी पावलापावलाने चालली होती. रिक्षावाला ओरडला, "अरे भाय, साइड दो ना!"

भाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हॉर्न नको मारूस रे. बिचकेल ती."

"भाऊ, मुहूर्त टळेल," मी हळूच म्हणालो.

"टळू दे. तिला आता कुठे घाई आहे?"

ते खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. घोडी अगदी जवळून गेली. त्यांचा हात सवयीने खिशात गेला, आणि रिकामाच बाहेर आला.