बायकांच्या बाकावर

"हळू बोला की, जनावर ऐकतंय!" छावणीत कुणी शिवी हासडली की दादा ओठांवर बोट ठेवून एवढंच म्हणायचे. त्या दुष्काळात आमच्या दूध संस्थेनं वडवणीजवळ चारा छावणी उघडली होती. मी संस्थेचा सचिव, ते चारा वाटणारे. तुम्ही पाहिलं असतंत तर हसला असतात. सहा फुटी गडी, आणि म्हशीला 'अहो बाई, सरका' म्हणायचा.

उन्हाळ्यात आम्ही सगळे उघड्या अंगानं कडब्याच्या पेंढ्या उतरवायचो. त्यांचा सदरा मात्र निघत नसे. एकदा ते टँकरखाली अंग धूत होते तेव्हा मला दिसलं. डाव्या छातीचं बोंड आत ओढलं गेलं होतं आणि त्यामागं सुपारीएवढी गाठ होती.

"दादा, हे काय?"

"बैलाचं शिंग लागलंतं. हळद लावतोय दिवाळीपासून." मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरी बोलू नका. बायकांचा आजार म्हणून लोकं हसतील."

मी त्यांना बीडला नेलं. डॉक्टरीणबाईंनी गाठ हातानं तपासली, काख चाचपली आणि सोनोग्राफीला पाठवलं. तिथं बाकावर सगळ्या बायका. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "मालकिणीला आणलंय का?"

"व्हय," ते म्हणाले.

तेवढ्यात आतून त्यांच्याच नावाचा पुकारा झाला. ते उठेनात. म्हातारीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "जा लेकरा. लाजतोस कावून?"

रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुईनं तुकडा काढून तपासायला हवा. उद्याच या."

"त्यापरीस रगत तपासा की."

"रक्तात हे कळत नाही. सोनोग्राफीत गाठ दिसते, संशय येतो. ती कशाची, ते तुकडाच सांगतो."

"सुई टोचली की पसरतं म्हणत्यात."

"सुईनं नाही पसरत. थांबल्यानं पसरतं."

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "छावणी उठू द्या सायब, मग टोचून घेतो. जनावरं कुणावर टाकू?"

मी तिथंच त्यांना अडवायला हवं होतं. पण मलाही चारा वाटायला दुसरा माणूस मिळत नव्हता. "बरं, पंधरा दिवसांनी जाऊ," मी म्हणालो.

छावणी उठायला चार महिने लागले. मग तुकडा काढला. कॅन्सर निघाला, आणि तोवर तो फुफ्फुसात गेला होता. शेवटी शेवटी खोकल्यापायी त्यांना बोलवत नसे. मी गेलो की खाटेवर कसेबसे सरकायचे आणि मला बसायला जागा करायचे. संक्रांतीच्या आधी ते गेले.

तेराव्यानंतर एका सकाळी वहिनी दूध घेऊन संस्थेत आल्या. एरवी दूध तेच आणायचे.

"भाऊजी, तुमाला आदीपासूनच म्हाईत व्हतं म्हणं?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी किटली टेबलावर ठेवली, पण झाकण काढलं नाही. दोन्ही हात त्यावर ठेवून तशाच उभ्या राहिल्या. मागं रांग थांबली होती.